बाळंतिणीचा भाव

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. त्यात मी चौथी पास. माझा बाप शाळेत शिपाई होता, मास्तरांच्या मेहेरबानीने मी वर्गाच्या दाराशी बसून शिकले. रागीट बाईला लिहिता यायला लागलं की काय होतं, ते आमच्या कोळीवाड्याने सन एकतीसच्या मार्गशीर्षात पाहिलं.

आमचा वाडा किहीमच्या उत्तरेला. वाळूवर बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून आम्ही वलांडी उभ्या करतो आणि त्यांवर बोंबील सुकवतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. शनिवारी दुपारी बायका जोड्या लावत बसायच्या आणि मी तुकाराम पाटलांकडचं साप्ताहिक त्यांना वाचून दाखवायची. ‘तटवृत्त’ त्याचं नाव, अलिबागला छापायचं. बोटीच्या वेळा, कोर्टातले निकाल, कुणाची म्हैस हरवली, सगळं त्यात असायचं.

त्या शनिवारी मी वाचायला लागले आणि मधेच माझी जीभ अडली.

“काय गो? कोन मेलं?” सासूने विचारलं. नीराबाई माझी सासू. मी तिला आत्या म्हणते.

“अजून कोन न्हाय मेलं,” मी म्हटलं आणि पुढे वाचलं.

पत्र होतं. ‘महाशय, मुंबईहून हवापालटासाठी या रम्य किनाऱ्यावर येणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस कोळी लोकांच्या मासळी वाळविण्याच्या गलिच्छ प्रघातामुळे असह्य दुर्गंधी सोसावी लागते. तरी बंगल्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत मासळी वाळविण्यास लोकल बोर्डाने सक्त मनाई करावी.’ खाली सही, ‘आरोग्यप्रेमी’. आणि त्याखाली संपादकाची बारीक टीप, की असा अर्ज बोर्डाकडे गेला असून पुढच्या महिन्याच्या सभेत त्याचा निकाल होईल.

अर्धा मैल म्हणजे काय, ते त्या आरोग्यप्रेमीला कुठून कळणार! आमच्या एका अंगाला खडकांचं खडप, दुसऱ्या अंगाला खाजणाचा चिखल. कडक वाळू आणि मोकळा वारा एवढ्याच पट्ट्यात. बोंबील म्हणजे नुसतं पाणी, सकाळी आलेला दुपारपर्यंत दोरीवर गेला नाही तर त्याचा लगदा होतो. आणि माझं तर सगळंच त्या दोरीवर. नवरा तापाने गेलेला, होडीत वाटा नाही. ओली मासळी घ्यायची, सुकवायची, डोक्यावरून अलिबागला नेऊन विकायची, त्यावर मी आणि आत्या जगत होतो. वलांडी उठल्या असत्या तर आम्हा दोघींना त्याच बंगल्यांत भांडी घासायला जावं लागलं असतं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

“मी उत्तर लिवते,” मी म्हटलं.

मग काय, सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या. कुणाच्या मनात काय काय साचलं होतं ते त्या दिवशी बाहेर पडलं. ठमाबाई म्हणाली, लिही, बंगलेच मागं सरकवा, आम्ही आधीपासनं हितं हाव. सगुणा म्हणाली, त्यांची सुरूची झाडं तोडायला सांग, आमचा वारा अडतो. एकीने त्यांच्या कुत्र्यांची तक्रार घातली, एकीने त्यांच्या पेटी वाजवणाऱ्या पाहुण्यांची. आत्या म्हणाली, “कमी मागू नको गो. जोरात सांग.” मी सगळं लिहिलं. बंगले दोन मैल मागे न्या, झाडं तोडा, कुत्री बांधा, पेटी बंद करा, नाहीतर परिणाम बरा होणार नाही. खाली सही केली, ‘एक कोळीण’.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई वेडी की काय. वेडी नव्हते मी. बंगले काय पायांवर उठून चालणार आहेत, हे मलाही कळत होतं. पण कोळणीने पहिला भाव खरा सांगितलाय असं कधी झालंय? दुप्पट सांगायचं. गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. आपण त्याच्या सात पिढ्या काढायच्या, त्याने पाठ फिरवायची, आपण हाक मारायची, आणि मधे कुठेतरी सौदा जुळतो. मी म्हटलं, मी दोन मैल सांगते, तो अर्ध्या मैलावरून खाली येईल. मग मी झाडं सोडीन, तो कुत्री बांधील. शेवटी तो त्याच्या बंगल्यात, मी माझ्या वलांडीपाशी. सरळ व्यवहार होता.

पत्र छापून आलं. वर जाड अक्षरांत मथळा होता, ‘बंगले हटवा! कोळणींची उघड धमकी’.

मला तोही आवडला. मी ऐटीत वाचून दाखवला, बायका खो-खो हसल्या. मग आठवडाभर मी आरोग्यप्रेमीच्या भावाची वाट बघत बसले. पुढच्या शनिवारी एक सोडून तीन पत्रं आली, आणि एकातही भाव नव्हता. एक म्हणत होता उद्दाम, दुसरा म्हणत होता पोलीस बोलवा, तिसरा तर म्हणत होता की अशा लोकांना किनाऱ्यावर ठेवावंच कशाला.

त्याच संध्याकाळी तुकाराम पाटील अलिबागेहून परत आले, ते थेट आमच्या दारात. पाटील तसे थंड डोक्याचे. त्या दिवशी मुंडासं हातात होतं.

“केसर, बोर्डाचा कारकून मला इचारतो, तुमच्या बायका बंगल्यांना आग लावनार हायत काय? काय लिवून बसलीस?”

“भाव लिवला पाटील. त्यांनी खालचा सांगायला नको?”

पाटलांनी माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं आणि ओट्यावर बसकण मारली. “अगो बाय, तो काय पापलेट घ्यायला आलाय? ते बोर्डात वाचनार, आनि तुला तेच पायजे असं समजनार. आपल्या बाजूचे दोन मेंबर होते, ते बी आता तोंड फिरवतात.”

तेव्हा मला कळलं. चूक माझी होती आणि वलांडी चाळीस घरांच्या होत्या. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला दुप्पट राग येतो. दुसऱ्या दिवशी पाटी उचलली आणि चार कोस चालत अलिबागला, छापखान्यात गेले.

संपादकाचं नाव अंबाजीपंत. काडीसारखा माणूस, धोतरावर शाईचे डाग. मी पाटी दारात आदळली.

“पंत, धमकी कुठे दिली मी? तो मथळा कुणी घातला?”

“‘परिणाम बरा होणार नाही’ हे मी लिहिलं का बाई?”

“ते बोलायची रीत आहे! बाजारात मी रोज दहा जणांना म्हणते. कुणी मेलं नाही अजून.” आणि मी त्यांना सगळं सांगितलं, दुप्पट भाव, निम्मा भाव, आठवडाभराची वाट. पंत आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

“हसा,” मी म्हटलं, “तुमचं काय जातंय!”

“तसं नाही हो बाई. ऐका. बाजारात गिऱ्हाईक तुमच्या समोर उभं असतं. इथे वाचणारा स्वतःच्या ओटीवर बसलेला. तो तुमचा पहिला भाव वाचतो आणि पान उलटतो. दुसरा सांगायला तुम्ही तिथे नसता.” मग म्हणाले, “सभेच्या आधी एक अंक आहे. एक रकाना देतो. तुम्ही म्हणत असाल तर मीच लिहितो, खाली नाव तुमचं घालू. भाषा जरा चांगली होईल.”

“भाषा तुमची तर नावही तुमचंच घाला,” मी म्हटलं आणि पाटी उचलली. एवढी मदत करणाऱ्या माणसाला असं तोडायचं नसतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

परत येताना चोंढी गावाच्या अलीकडे एका घरातून म्हातारीने हाक मारली. मोरी आहे का, सून बाळंत झालीय. छोट्या दोन मोऱ्या होत्या पाटीत, आईला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात. मी भाव सांगितला, म्हातारीने पैसे दिले. ना ती एक शब्द बोलली ना मी. आमच्यात बाळंतिणीच्या घरी घासाघीस करत नाहीत. तिथे पहिलाच भाव शेवटचा. गिऱ्हाईकाला ते ठाऊक असतं, म्हणून तेही मुकाट देतं. मी मासे साफ करून दिले, पाटी डोक्यावर घेतली, शंभर पावलं गेले आणि रस्त्यात उभीच राहिले.

अगं केसरे, मी स्वतःलाच म्हटलं, हेच तर लिहायचंय.

घरी आले, हातपाय धुतले आणि दिवसाउजेडी ओट्यावर बसून लिहिलं. तीन कागद फाडले. चौथा हा असा.

‘संपादक महाराज, मागच्या पत्रात मी बंगले हटवायला सांगितलं ते खरं नव्हतं. बाजारची सवय, त्याबद्दल माफी असावी. आता एकदाच आणि खरं सांगते. आमच्या मासळीचा वास येतो. आम्हालाही येतो. पण टांगलेल्या बोंबलाचा वास वेगळा आणि कुजक्या घाणीचा वेगळा. तुमच्या नाकाला जो झोंबतो तो दुसरा. मासे साफ केल्यावर डोकी आणि पोटं आम्ही तिथेच वाळूत टाकतो. ही चूक आमची. ती घाण आम्ही रोज उचलून माडांच्या बुंध्याशी पुरू. हे कुणी सांगितलं म्हणून नाही, करायला हवं म्हणून. पण वलांडी हलवता येत नाहीत. इकडे खडप आहे, तिकडे चिखल आहे, मधे ही वाळू. ही गेली तर चाळीस घरांची चूल जाईल, त्यातली एक माझी. पावसाळ्यात दर्या बंद असतो तेव्हा अलिबागपासून पनवेलपर्यंत ज्यांच्या ताटात सुका बोंबील पडतो, त्यांनी तो कुठून येतो याचा विचार करावा. बोर्डाच्या साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये, आरोग्यप्रेमींवरही ठेवू नये. भर दुपारी वलांडीखाली येऊन उभं राहावं आणि मग ठरवावं. आरोग्यप्रेमींनी आपलं नाव दिलेलं नाही. मी देते. केसर, कोळीवाडा.’

बायकांना वाचून दाखवलं. मग एकदम भडका उडाला.

“वास येतो म्हनून लिवलंस? आपल्याच हातानं?” आत्या उठून उभी राहिली.

“येतो का न्हाय?”

“येतो! पन ते आपन सांगायचं? आनि घान कोन उचलनार, तुझा बाप?”

“मी उचलीन.”

“मग हे धाडू नको. मी सांगते, धाडू नको केसर.”

“धाडनार.”

“मग माझ्याशी बोलू नको,” आत्या म्हणाली, आणि खरंच बोलायची थांबली. एका चुलीवर जेवत होतो आणि घरात शब्द नव्हता. सांगते खरं, मला भीती वाटत होती. पहिल्या पत्रात मी वाडा अर्धा बुडवला होता. दुसऱ्यात हातातला शेवटचा भाव टाकून मोकळी झाले होते, आता मागे घ्यायला काही उरलं नव्हतं. पण धाडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाटी घेऊन एकटी घाण उचलायला लागले. तिसऱ्या दिवशी सगुणा आली. सहाव्या दिवशी दहाजणी होत्या. आत्या लांबून बघायची.

पंतांनी पत्र शब्दही न बदलता छापलं. मथळाही साधा, ‘एका कोळणीचे म्हणणे’. आणि मग पत्रांचा पूर आला! पंतांनी सभेच्या आदल्या दिवशी जादा पान काढलं. पेणच्या एका बाईने लिहिलं की ह्या बाईने आपली चूक आधी सांगितली, म्हणून बाकीचंही मला खरं वाटतं. पनवेलच्या मास्तरांनी लिहिलं की बोर्डाने जागा पाहावी. रेवदंड्याच्या कुणी तर लिहिलं, मी शाकाहारी आहे, तरी मी केसरबाईंच्या बाजूचा. पाटील ते पान घेऊन वाड्यात घरोघर फिरले. माझी छाती अशी फुगली म्हणता!

पण त्याच पानाच्या शेवटी आरोग्यप्रेमी होता. त्याने लिहिलं होतं, ‘सदर पत्र कोळी स्त्रीने लिहिले, यावर कोणता शहाणा विश्वास ठेवील? हा संपादकाचा बनाव आहे. बनावट कागदावर बोर्डाने निकाल देऊ नये.’

सभेला आम्ही तीस बायका चालत गेलो. आत्याही आली, न बोलता, मागून. मला आणि पाटलांना आत घेतलं, बाकीच्या खिडक्यांना चिकटून उभ्या राहिल्या. आत लांब टेबल, पंधरा पागोटी आणि टोप्या, मधोमध अध्यक्ष, मिशा पिकलेले. आरोग्यप्रेमी पहिल्यांदाच दिसला. दिनानाथराव, मुंबईहून पेन्शन घेऊन आलेले इंजिनियर. माणूस दिसायला काही वाईट नव्हता. पण उभे राहिले आणि तेच म्हणाले, हे पत्र खोटं आहे, ह्या बाईला आपलं नाव लिहिता येत असेल तर पुष्कळ झालं.

मेंबर एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या बाजूचे होते तेही माझ्या हातांकडे बघत होते. पाटील घाबरून माझ्या कानाशी कुजबुजले, “शांत ऱ्हा गो केसर, पाया पडतो.” त्यांना वाटलं, मी आता शिव्या देणार. खरं तर जिभेवर आल्याही होत्या.

अध्यक्षांनी विचारलं, “बाई, हे पत्र तुम्ही लिहिलं?”

“व्हय साहेब.”

“इथे लिहून दाखवाल?”

“काय लिहू?”

“काहीही. बोर्डाला जे सांगायचं असेल ते.”

कारकुनाने कागद सरकवला, दौत पुढे केली. माझ्या बोटांना बोंबलाच्या दातांचे ओरखडे होते, टाक धरताना झोंबले. सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मोठं काहीतरी लिहावं असं आधी वाटलं, कायदा, न्याय, असलं. मग म्हटलं, कशाला? ह्या घटकेला खरं काय आहे तेच लिही. लिहिलं, वाळू टाकून शाई टिपली आणि कागद अध्यक्षांच्या पुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. मनात वाचलं. मिशा हलल्या. मग खणखणीत आवाजात त्यांनी सभेला वाचून दाखवलं.

‘बोर्डाच्या साहेबांस. सकाळी अंगणात जवळा पसरून आले आहे. दव पडलं की तो भिजून फुकट जाईल. गाव चार कोस आहे. तुम्हाला जो निकाल द्यायचा तो द्या, पण दिवस असताना द्या. केसर.’

आधी एक मेंबर हसला. मग सगळं टेबल हसलं, आणि खिडकीतून आमच्या बायका काही न कळता हसायला लागल्या. अध्यक्षांनी हात वर केला, सगळे गप्प झाले.

“दिनानाथराव,” ते म्हणाले, “हे अंबाजीपंतांना सुचणार नाही. मला तर नाहीच सुचणार.”

दिनानाथरावांनी तो कागद मागून घेतला. पत्राशेजारी धरून अक्षर ताडून पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, मी चुकलो. बनाव हा शब्द मी मागे घेतो.” आणि खाली बसले. माणूस रागाचा होता, पण खोटा नव्हता, एवढं म्हणायला हवं.

हात वर झाले. अर्जाच्या बाजूने तीन, विरुद्ध बारा. अध्यक्षांनी सांगितलं की अर्ज फेटाळला आहे, मासळी वाळवण्याची जागा आहे तिथेच कायम राहील, आणि घाण पुरण्याचं वचन कोळीवाड्याने पाळावं.

“फेटाळला म्हंजे काय गो?” खिडकीतून आवाज आला. पंधरा दिवसांत आत्या पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“वलांडी ऱ्हायल्या आत्या!” मी भर सभेत ओरडले. “आपल्या वलांडी ऱ्हायल्या!”

बाहेर जो कल्ला उठला तो काय सांगू! ठमाबाई तर रस्त्यातच नाचायला लागली. पाटील लहान पोरासारखे डोळे पुसत होते, आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं, दोन्ही चाललं होतं. तेवढ्यात दारातल्या शिपायाला बाजूला सारून आत्या आत आली. शिपाई आडवा येत होता, पण माझ्या सासूला अडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ती सरळ टेबलापाशी गेली. तिने अध्यक्षांच्या पुढचा माझा कागद उचलला, उलटसुलट बघितला. तिला एक अक्षर येत नव्हतं. तिने तो पंधराही मेंबरांना दिसेल असा वर धरला.

“साहेब,” ती म्हणाली, “हे जिनं लिवलंय ना, ती माझी सून हाय.”